धान्य उरले म्हणून वर्ग निर्माण झाले, हे उत्तर पुरेसे आहे का?

मांजराकाठ, लातूर

मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. वर्गांच्या उगमाचा पाठ आला की आम्ही सगळेच शिक्षक साधारण एकच गोष्ट सांगतो. माणूस शेती करू लागला, खाऊन उरेल इतके धान्य पिकू लागले, त्या वरकडावर थोड्या लोकांनी ताबा मिळवला आणि त्यातून राबणारे व बसून खाणारे असे वर्ग पडले. उत्तर सुटसुटीत आहे आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. मात्र त्यातला ‘ताबा मिळवला’ हा तुकडा मला खटकतो, कारण जे समजावून सांगायचे आहे तेच त्यात गृहीत धरलेले आहे. धान्य सगळ्यांनी मिळून पिकवले असेल, तर उरल्यावरही ते सगळ्यांचेच असायला हवे. ते मूठभरांचे झाले कसे, आणि ज्यांच्या हातून ते गेले त्यांनी ते जाऊ कसे दिले?

येथे पुरातत्त्वाचे आणि अर्थशास्त्राचे जाणकार आहेत, म्हणून विचारतो आहे. चर्चा राज्यसंस्था पक्की होण्याआधीच्या किंवा ती घडत असतानाच्या काळापुरती ठेवावी, ही विनंती. आजच्या राजकारणासाठी वेगळे धागे दुथडी भरून वाहतच आहेत.

गोदातीर, पैठण

सर, परदेशात जाण्याआधी दख्खनमधलेच उदाहरण पाहू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या कामामुळे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातले एक अख्खे शेतकरी गाव आपल्यापुढे आले. सातू हे तिथले मुख्य पीक होते आणि पाणी अडवण्यासाठी बंधारा व पाट काढलेला होता. जोर्वे संस्कृतीच्या या लोकांचे अवशेष आमच्या तालुक्यात आपेगावलाही सापडले आहेत, त्यामुळे हे आपले जुने सोयरेच म्हणायचे.

या गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार होते. कुंभार वगैरे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत होते. दफनाची पद्धत तर फारच बोलकी आहे. प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखालची पावले तोडण्याची तिथे रीत होती, बहुधा मेलेल्याने उठून चालू नये म्हणून. मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या एका भल्यामोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला आणि त्याची पावले शाबूत होती. या सगळ्यावरून ढवळीकरांनी असे मांडले की इनामगावात प्रमुखाची सत्ता होती.

ते कोठार प्रमुखाच्या मालकीचे होते की गावाच्या मालकीचे असून तो नुसता राखणदार होता, हे मातीच्या भिंतीवरून ठरत नाही. माझ्या मते सरांच्या प्रश्नाचे उत्तर याच संदिग्धतेत दडलेले आहे, कारण राखणदार आणि मालक यांच्यातले अंतर एकदोन पिढ्यांत सहज बुजू शकते.

वटवट, जालना

कुंपणानेच शेत खाल्ले, एवढे लिहिले तरी गोदातीर यांचा अख्खा प्रतिसाद त्यात मावला असता.

गोदातीर, पैठण

मावला असता, पण कुंपण घालण्याचे काम गावाने कोणाकडे आणि का दिले, ते बाहेर राहिले असते.

शिळामाती, छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ सरांच्या वाक्यात शेती, वरकड आणि वर्ग असा क्रम आहे. या साखळीची प्रत्येक कडी कुठे ना कुठे तुटलेली सापडते, म्हणून मी ती वेगवेगळ्या ठिकाणी ताणून पाहतो.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे हायडा, त्लिंगित, क्वाक्वाकावाक्व हे लोक धान्याची शेती करत नव्हते. नद्यांमध्ये ठरावीक हंगामात सामन मासे येत, ते धरून, धुरावर वाळवून वर्षभर पुरवले जात. तरीही त्यांच्यात जन्माने ठरणारे सरदार होते, सामान्य लोक होते आणि लढाईत पकडून आणलेले गुलामही होते. शेतीशिवाय वर्ग उभे राहू शकतात, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे अवघड आहे.

उलट बाजूने तुर्कस्तानातले चातालह्योयुक पाहा. इ. स. पू. ७१०० च्या सुमारास वसलेल्या या वस्तीत हजारो लोक हजारभर वर्षे शेती करून राहिले. घरे भिंतीला भिंत लावून बांधलेली होती आणि आत जाण्याची वाट छपरातून होती. प्रत्येक घरात स्वतःची साठवण होती. राजवाडा म्हणावा असे काही तिथे मिळालेले नाही. म्हणजे शेती होती, साठाही होता, पण ज्याला वर्ग म्हणता येईल असे फारसे काही दिसत नाही.

तुर्कस्तानातच असलेले गोबेक्ली तेपे याहूनही जुने, इ. स. पू. ९५०० च्या आसपासचे आहे. तिथे पाच मीटरपेक्षा उंच आणि कित्येक टन वजनाचे दगडी खांब शिकार करून व रानधान्य गोळा करून जगणाऱ्या लोकांनी उभे केले. एवढे मनुष्यबळ कोणी जमवले, त्यांना जेवू कोणी घातले आणि काम कोणाच्या शब्दावर चालले, हे प्रश्न शेतीच्या आधीच उभे राहतात. त्यामुळे मला वाटते की वरकड हे वर्गांचे कारण नसून त्यासाठी लागणारी सामग्री आहे.

ज्वारीची भाकर, परभणी

शिळामाती यांनी साठवणीवर बोट ठेवले आहे, तर मी ती जवळून दाखवतो. आमच्या आजोळी वाड्याच्या चौकात ज्वारीचे पेव होते. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढे असे आणि आत पोट मात्र घागरीसारखे फुगलेले असे. तळाला व कडेला कडबा आणि भुसा लावून वरपर्यंत ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि ती माती-शेणाने लिंपून टाकायची. पेव उघडले की कोणी लगेच आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. आधी कंदील दोरीने खाली सोडत आणि तो विझला नाही तरच माणूस सोडत. वर आलेल्या ज्वारीला एक आंबूस वास असे आणि भाकरीला पिवळसर रंग येई.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. पेव कधी उघडायचे हे एकटे आजोबा ठरवत आणि तो दिवस सहसा खळ्यावरून रास घरी आल्याचा नसे. मृग कोरडा गेला, गावातल्या कणग्या खरवडून झाल्या की पेवाची शिळा हले आणि ज्वारी सवाईने किंवा दिढीने दिली जाई, म्हणजे एक पोते नेणाऱ्याने सुगीला दीड पोते परत घालायचे. ज्याला एकदा दिढी फेडता आली नाही, त्याच्या घरातला एखादा पोरगा पुढच्या पाडव्यापासून आमच्याकडे सालाने राहत असे. कोणी कोणाला धमकावत नव्हते आणि दार सगळ्यांना उघडे होते. आजोबांना लोक देवमाणूस म्हणत आणि म्हणणारे ते मनापासून म्हणत.

हे विसाव्या शतकातले आहे, प्राचीन नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही ताबा कसा मिळतो याची यंत्रणा यात उघडी दिसते. वरकड सुगीत तयार होते, पण त्याचे सत्तेत रूपांतर व्हायला दुष्काळ लागतो.

बालाघाट, बीड

भाकर यांचा अनुभव मोलाचा आहे आणि शेवटचे वाक्य तर मी वहीत उतरवून घेतले. पण त्यात एक पायरी वगळली जाते आहे. आजोबांच्या पेवामागे आजोबांची जमीन होती, जमिनीमागे सातबारा होता आणि सातबाऱ्यामागे सरकार होते. निजामाच्या राज्यातल्या देशमुख-पाटलांच्या पेवावरून इनामगावचे कोठार समजून घेणे म्हणजे फळावरून बियाणे ओळखण्यासारखे आहे.

शिळामाती यांच्याशीही माझा वाद आहे. सामनची उदाहरणे देऊन वरकडाचा सिद्धांत मोडत नाही, उलट तो भक्कम होतो. मासा असो वा ज्वारी, उत्पन्न हंगामात एकदम येते, ते टिकवता येते आणि ज्या जागेवर ते मिळते ती जागा अडवून धरता येते. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८८४ मध्ये कुटुंब, मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर लिहिले तेव्हा त्याच्यापुढे अमेरिकन अभ्यासक मॉर्गन यांची मानववंशशास्त्रीय सामग्री होती आणि आज ती अनेक ठिकाणी कालबाह्य झाली आहे, हे मान्य करू. तरी मूळ मुद्दा उभा राहतो, कारण उत्पादनाच्या साधनांवरचा हक्क असमान झाल्याशिवाय वर्ग होत नाही. आपल्याकडे दा. ध. कोसंबी यांनीही हाच धागा धरून गोळा करणाऱ्या टोळ्या आणि धान्य पिकवणारे समाज यांच्या संघर्षातून भारताचा इतिहास उलगडला.

येथे मान आणि वर्ग यांची गल्लत होते आहे. मॉर्टन फ्रीड या मानववंशशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये समतावादी, श्रेणीबद्ध आणि स्तरित अशा समाजांत जो भेद केला, तो मला उपयोगी वाटतो. श्रेणीबद्ध समाजात प्रमुखाला मोठा मान असतो, पण जमीन, पाणी आणि शिकार यांवर सगळ्यांचा हक्क सारखा असतो. स्तरित समाजात तो हक्कच तुटलेला असतो. इनामगावचा रांजणातला पुरुष पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, याचे उत्तर त्याच्या शाबूत पावलांत मिळणार नाही. ते शेजाऱ्यांच्या जमिनीत शोधावे लागेल, आणि जमिनीची मालकी उत्खननात सापडत नाही.

शिळामाती, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट, भेद मान्य आहे, पण मान आणि मालमत्ता यांच्यातली भिंत आपण समजता तितकी जाड नाही. बल्गेरियात काळ्या समुद्राच्या काठी वार्ना येथे १९७२ मध्ये एक दफनभूमी उजेडात आली. ती इ. स. पू. ४५०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षा जवळपास दोन हजार वर्षे जुनी आहे. तिथल्या सुमारे तीनशे कबरींत मिळून सहा किलोच्या आसपास सोने निघाले आणि त्यातले दीड किलो एकट्या ४३ क्रमांकाच्या कबरीत होते. बहुसंख्य कबरींत जेमतेम काही मणी, भांडी किंवा तेही नाही. तेव्हा लिपी नव्हती आणि राज्यसंस्थाही नव्हती. हा नुसता मान मानला, तरी तो फार वजनदार मान आहे.

वटवट, जालना

दीड किलोचा मान आजच्या भावाने किती होतो, हे सराफ्यात विचारून सांगतो.

अर्थविद्यार्थिनी, नांदेड

बालाघाट काका म्हणतात की मालकी सापडत नाही. ते बरोबर आहे, पण मालकीची सावली मोजण्याचा एक प्रयत्न झाला आहे. टिमोथी कोहलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६३ पुरातत्त्वीय ठिकाणांवरील घरांची क्षेत्रफळे घेतली आणि त्यांतली विषमता जिनी गुणांकाने मोजली. सगळी घरे सारखी असतील तर हा गुणांक शून्य येतो आणि सगळे एकाच घरात एकवटले असेल तर तो एकाकडे सरकतो. शिकारी-संग्राहकांमध्ये त्यांना तो ०.१७ च्या आसपास मिळाला, छोट्या प्रमाणावर बागायती करणाऱ्यांमध्ये ०.२७ आणि पूर्ण शेतकरी समाजांत ०.३५.

यापुढचा निष्कर्ष मला अधिक रोचक वाटतो. अमेरिका खंडात शेती आल्यावर विषमता काही काळ वाढून थबकली. युरोप-आशियात मात्र ती हजारो वर्षे वाढतच गेली. अभ्यासकांनी यासाठी सुचवलेले कारण आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे बैल. अमेरिकेत औताला जुंपता येईल असे जनावर नव्हते, तेथे सगळी मशागत माणसाच्या हातांनी होत होती. हाताने खणणारा माणूस आपल्या शेजाऱ्यापेक्षा फार तर थोडी जास्त जमीन करू शकतो. ज्याच्याकडे बैलजोडी आहे तो कितीतरी पट जमीन करतो आणि ज्याच्याकडे ती नाही तो पेरणीच्या ऐन वेळी बैलवाल्याच्या दारात उभा राहतो. वाफसा दोनतीन दिवसांचाच असतो, त्यामुळे औत आधी कोणाच्या रानात जाणार हे कोण ठरवतो यावर वर्षाचे पीक ठरते. बैल वारशाने जातो, त्याला खाण्यासाठी वैरण म्हणजे पुन्हा जमीनच लागते, आणि दुष्काळात ज्याचे बैल मरतात तो एका झटक्यात खालच्या थरात जातो.

गोदावरीच्या खोऱ्यातील दायमाबादला १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना धातूच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत हत्ती, गेंडा आणि रेड्याबरोबर दोन बैल जुंपलेला रथ आहे आणि त्यावर एक माणूस उभा आहे. चारही मिळून साधारण साठ किलो वजन भरते. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तरी जुंपलेला बैल आणि उभा माणूस हे चित्र मला या चर्चेत अगदी मध्यभागी वाटते.

वटवट, जालना

म्हणजे या सगळ्याचे खापर बैलावर फुटले. निदान पोळ्याला त्याला पुरणपोळी तरी मिळते, सालगड्याला तीही मागून घ्यावी लागते.

सुईदोरा, धाराशिव

एवढी चर्चा झाली आणि त्यात आतापर्यंत एकही बाई आली नाही, म्हणून लिहिते.

जर्मनीच्या दक्षिण भागात आउग्सबुर्गजवळ लेख नदीचे खोरे आहे. तिथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कांस्ययुगीन शेतघरांजवळच्या कबरींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांतील डीएनएवरून कोण कोणाचे कोण होते हे कळले आणि दातांच्या रासायनिक तपासणीवरून कोण कुठे वाढले हे कळले. प्रत्येक शेतघराच्या दफनभूमीत तीन प्रकारचे लोक होते. एक रक्ताने जोडलेले कुटुंब, ज्याची संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांकडे जात होती आणि ज्यांच्या कबरींत शस्त्रे व दागिने होते. दुसऱ्या त्या घरात बाहेरून, शेकडो किलोमीटरवरून आलेल्या स्त्रिया, ज्यांना मानाने आणि दागिन्यांसह पुरले होते. तिसरे तिथलेच, पण घराशी रक्ताचे नाते नसलेले लोक, ज्यांच्या कबरी रिकाम्या होत्या. घरच्या प्रौढ मुली मात्र तिथे नाहीतच, त्या कुठेतरी नांदायला गेल्या होत्या.

यावरून मला दोन गोष्टी दिसतात. आपण वर्ग म्हटले की गावाच्या मध्यभागी मोठे घर आणि कडेला झोपड्या असे चित्र रंगवतो, पण येथे मालक आणि राबणारे एकाच छताखाली राहत होते. घराचे क्षेत्रफळ मोजून ही विषमता कधीच सापडली नसती. दुसरे असे की वारसा मुलग्याकडे जायचा असेल, तर मुलगा कोणाचा हे पक्के असावे लागते आणि सून कुठून आणायची हा हिशेब संपत्तीचाच हिशेब होतो. बालाघाट यांनी एंगल्सचे नाव घेतले, पण त्याने कुटुंबाचा प्रश्न मालमत्तेच्या प्रश्नाला जोडला होता, ती अर्धी बाजू त्यांनी सोयीस्करपणे घरीच ठेवली.

बालाघाट, बीड

ताई, बाजू घरी ठेवली नव्हती, आपणासाठी राखून ठेवली होती.

मिलिंदवाचक, छत्रपती संभाजीनगर

सुईदोरा यांनी विवाहाचा मुद्दा आणला आहे, तर डॉ. आंबेडकरांचा उल्लेख येथे अटळ आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग असे मांडले आणि तो बंद करणारी कडी म्हणजे जातीअंतर्गत विवाह, असे दाखवले. सुरुवातीच्या समाजात वर्ग होते, त्यांत ये-जा होत होती, मग एका वर्गाने दार लावून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले किंवा त्यांच्यासाठी ती दारे बाहेरून बंद झाली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. लेख खोऱ्यातील कुटुंबाने सुना शेकडो किलोमीटरवरून आणल्या, म्हणजे तिथे संपत्ती बंदिस्त होती पण विवाह बाहेर होत होता. आपल्याकडे दोन्ही बंद झाले. प्राचीन वर्गांचा अभ्यास भारतात करताना हा फरक आधी लक्षात ठेवावा लागतो.

गावगाडा, हिंगोली

मग सरळ बलुतेदारीवरच या. आमच्या गावात खळ्यावर बलुते वाटताना कोण आधी उभा राहत होता आणि कोण शेवटी, यावर एक ग्रंथ होईल. शिवाय आरक्षणाचा प्रश्न

संपादक मंडळ

गावगाडा यांच्या प्रतिसादाचा पुढील भाग काढला आहे. धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात काळाची मर्यादा घातली आहे, ती सर्वांनी पाळावी. बलुतेदारीवर स्वतंत्र धागा काढल्यास तो अवश्य चालवू.

पांदीची वाट, उदगीर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग अजून कोणी हाताळलेला नाही. ज्यांचे गेले, त्यांनी ते जाऊ कसे दिले?

टांझानियातील शिकार करून व कंदफळे गोळा करून जगणाऱ्या हाद्झा लोकांमध्ये कोणी शिरजोर होऊ लागला तर बाकीचे सामान उचलून दुसऱ्या तळावर जातात, आणि सामान म्हणजे धनुष्यबाण व काही भांडी एवढेच. जेम्स वुडबर्न यांनी १९८२ मध्ये दाखवले की ज्या समाजांत आजचे श्रम आजच खाल्ले जातात तिथे समता टिकते. ज्यांत श्रमाचे फळ महिन्यांनी मिळते, तिथे माणूस त्या फळाला बांधला जातो. कलाहारीतील कुंग लोक तर याहून पुढे जातात. शिकाऱ्याने कितीही मोठे जनावर मारून आणले तरी ‘हे हाडांचे गाठोडे ओढायला आम्हाला एवढ्या लांब बोलावलेस का’ असे म्हणून त्याची थट्टा करतात, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. याचा अर्थ समता आपोआप नव्हती, ती रोज राखावी लागत होती.

पेरणी झाली की सामान उचलून जाता येत नाही. निघून गेल्यास शेत, साठा आणि पुढची सुगी तिघांवर पाणी सोडावे लागते. रॉबर्ट कार्नेरो यांनी १९७० मध्ये याचाच भौगोलिक अर्थ लावला. पेरूच्या किनाऱ्यावरील नदीखोरी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये वाळवंट अशी कोंडलेली आहेत. तिथे हरलेल्या गावाला पळून जाण्यासाठी जागाच नव्हती, म्हणून त्यांना जिंकणाऱ्याचे जू मानेवर घ्यावे लागले. ॲमेझॉनच्या जंगलात हरलेले लोक आणखी आत जाऊन नवी जमीन साफ करत, म्हणून तिथे तसे झाले नाही. माझ्या मते वरकडापेक्षा निघून जाण्याची वाट बंद होणे हे मोठे कारण आहे.

ज्वारीची भाकर, परभणी

पांदीची वाट, हे पटले. दिढीवर ज्वारी नेणारा गाव सोडून जाऊ शकत नव्हता, कारण त्याची दोन एकर तिथेच होती.

कंदमूळ, अंबाजोगाई

साठवणीत काय आहे, यानेही फरक पडतो. गहू, सातू, ज्वारी एकाच वेळी पिकतात, जमिनीच्या वर दिसतात, मापाने मोजता येतात आणि पोत्यात भरून नेता येतात. वसुलीला आलेल्या माणसाने खळ्यावर योग्य दिवशी हजर राहिले की त्याचे काम झाले. रताळे किंवा कसावा जमिनीतच राहू देता येतो, हवा तेव्हा खणून काढता येतो आणि काढल्यावर टिकत नाही, त्यामुळे लुटणाऱ्याला तो स्वतः खणावा लागतो. अलीकडे काही अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले आहे की धान्याच्या प्रदेशांत राज्ये आणि अभिजन वर्ग उभे राहिले ते उत्पन्न जास्त होते म्हणून नव्हे, तर ते हिसकावून घेता येत होते म्हणून.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, हे पूर्णत्वास गेलेले दिसते. उरुक येथे इ. स. पू. ३२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्यांवर आद्य लेखन मिळते आणि ते बहुतेक सातू, मेंढ्या व माणसे यांच्या हिशेबाचे आहे. त्याच काळातले साच्यातून काढलेले, ओबडधोबड कडेचे वाडगे हजारोंनी सापडतात. अनेक अभ्यासक ते कामगारांना शिधा मापून देण्याचे मानतात. हजारभर वर्षांनी, इ. स. पू. २१०० च्या आसपास, उरच्या राज्यात पुरुष कामगाराला महिन्याला साधारण ६० लिटर सातू मिळत असे आणि स्त्रीला बहुधा ३०. म्हणजे तोवर पीक काढणारा माणूस आपल्याच पिकाचा शिधा रांगेत उभे राहून घेऊ लागला होता.

दिढीचेही तिथे उदाहरण आहे. कर्जात बुडालेली कुटुंबे मुलाबाळांना सावकाराकडे कामाला ठेवत आणि हे फार वाढले की राजा कर्जमाफीचा हुकूम काढत असे. लगाशचा राजा एन्मेतेना याने इ. स. पू. २४०० च्या सुमारास असे केल्याचे त्याच्या लेखात आहे. त्यामागे दयेपेक्षा राजाची गरज अधिक असावी, कारण सावकाराने बांधून घेतलेला माणूस राजाच्या सैन्यात आणि पाटाच्या कामावर येत नसे.

वटवट, जालना

कर्जमाफी साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे, हे वाचून आमच्या गावातल्या लोकांना धीर आला.

अर्थविद्यार्थिनी, नांदेड

मला हडप्पा संस्कृतीबद्दल विचारायचे आहे. मोहेंजोदडोमध्ये धान्य होते, बैलगाड्या होत्या, वजने शेकडो मैलांपर्यंत एकसारखी होती, शिक्के होते. तिथे ना राजवाडा निश्चितपणे ओळखता आला, ना राजाचे थडगे सापडले. ‘पुरोहित राजा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा जेमतेम १७.५ सेंटिमीटर उंच आहे आणि ते नावही नंतरच्या लोकांनी दिलेले आहे. कंदमूळ यांचा धान्याचा सिद्धांत येथे कसा लागू होतो?

शिळामाती, छत्रपती संभाजीनगर

नीट लागू होत नाही आणि म्हणूनच तो महत्त्वाचा अपवाद आहे. घरे लहानमोठी होती, तेव्हा सगळे सारखे होते असे म्हणता येणार नाही. मात्र मेसोपोटेमियातील उर येथे राणी पुआबीच्या थडग्यात सेवकांना तिच्याबरोबर पुरले गेले, तसे काही सिंधूच्या खोऱ्यात नाही. मोठी शहरे, दूरवरचा व्यापार आणि काटेकोर मापे असूनही संपत्तीचे प्रदर्शन दबलेले राहिले, याचा अर्थ कुठली तरी व्यवस्था ते दाबून ठेवत होती. कुंग लोकांची थट्टा आणि मोहेंजोदडोची वजने यांचे काम एकच होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

बालाघाट, बीड

तो मोह आवरावा. एकसारखी वजने व्यापाऱ्यालाही हवीच असतात.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे आभार. आता माझे फळ्यावरचे वाक्य बदलणार आहे, पण ते लांबले आहे, म्हणून येथे तपासून घेतो.

अन्न हंगामात एकदम येऊन टिकू लागले, तेव्हा ते राखण्याचे काम काही घरांकडे गेले. वाईट वर्षांत त्या घरांनी दिलेल्या उसनवारीतून इतरांची जमीन, जनावरे आणि श्रम त्यांच्याकडे वळले. शेत सोडून जाणे परवडत नसल्यामुळे लोकांना ते सोसावे लागले, आणि वारसा व विवाहाच्या नियमांनी ही स्थिती पुढच्या पिढीसाठी कायम झाली. काही समाजांनी, उदाहरणार्थ चातालह्योयुक आणि बहुधा सिंधूच्या खोऱ्याने, हे दीर्घकाळ होऊ दिले नाही.

यंदा या पाठाबरोबर प्रात्यक्षिक म्हणून मुलांकडून आमच्या गावातली जुनी घरे मोजून घेण्याचा विचार आहे. गावात पडकी गढी आहे, जुने वाडे आहेत आणि पांढरीच्या कडेला जुन्या घरांचे जोते दिसतात. त्यावरून जिनी गुणांक काढता येईल.

पांदीची वाट, उदगीर

वाक्यातून जबरदस्ती पूर्ण गळाली आहे. लढाईतले बंदी आणि गुलाम उसनवारीतून आलेले नाहीत. शिळामाती यांच्या सामनवाल्या लोकांत गुलाम होते, ते कोणाकडून पोते उसने नेणारे नव्हते. ‘उसनवारीतून किंवा लढाईतून’ असे करावे.

सुईदोरा, धाराशिव

मोजणीबद्दल माझी सूचना अशी आहे की प्रत्येक घरात चुली किती होत्या, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहावे. एका वाड्यात पाच भावांच्या पाच चुली असतील, तर तो वाडा एकच घर धरल्याने आकडा फुगतो. उलट गढीत कामाला राहणाऱ्यांची गणना गढीच्या क्षेत्रफळात झाली, तर तोच आकडा उगाच खाली येतो.

बालाघाट, बीड

चुलीबरोबर बैलांचे गोठेही वेगळे मोजावेत, सर. गढीतला गोठा कुडाच्या चार घरांएवढा असतो आणि क्षेत्रफळात तो धरायचा की नाही, यावर आपला आणि त्या ६३ ठिकाणांच्या अभ्यासकांचा निकाल वेगळा लागू शकतो.